कठड्याचं इतिवृत्त

बैठकांचं इतिवृत्त मी लिहिते.
सतरा वर्षं, परिषदेच्या मागच्या खोलीत,
हीटरशेजारी, जिथे पाय भाजतात आणि पाठ गारठते.
बोलणाऱ्याचा खोकला लिहायचा नसतो,
एवढं पहिल्याच आठवड्यात शिकले.

पूल लहान आहे. एकपदरी, लाकडी तुळयांचा,
मांगाटीरो नदीवर. सहा खांब.
उत्तरेकडचा अर्धा हिरवा, दक्षिणेकडचा राखाडी:
दोन जिल्हे, रंगाऱ्यांच्या दोन टोळ्या,
आणि मधोमध ब्रश उचलल्याची रेघ,
सोयरीक मोडावी इतकी सरळ.

जूनच्या पुरानंतर फलक लागला: सहा टनांपुढे बंदी.
दुधाचा टँकर तेव्हापासून
अडतीस किलोमीटरचा वळसा घालतो.
शाळेची बस अलीकडे थांबते, दुसरी पलीकडे,
अकरा मुलं मधलं अंतर चालत जातात.
लॅक्लन प्रिंगल म्हणाला, माझ्या गायींना
तुमचे ठराव वाचून दाखवू का?
त्या साडेचारलाच पान्हावतात.
(हे मी लिहिलं, मग खोडलं. विषयाला सोडून होतं.)

खर्चाचा अंदाज नऊ लाख चाळीस हजार डॉलर.
राष्ट्रीय रस्ते मंडळ एक्कावन्न टक्के देईल,
उरलेले दोन्ही जिल्ह्यांनी वाटून घ्यावेत, असं पत्र आलं.
पत्रात ‘वाटून’ तीनदा होतं,
‘कसं’ एकदाही नव्हतं.

हद्द नदीच्या मध्यावर, असं जुना नकाशा म्हणतो.
पण अठ्ठ्याऐंशीच्या पुरात नदी दक्षिणेला सरकली,
झोपेत कूस बदलावी तशी,
ती पुन्हा वळलीच नाही.
आजचा मध्य धरला तर एका जिल्ह्याचे पाच खांब, दुसऱ्याचा एक.
नकाशाचा धरला तर तीन-तीन.
मग दोन्हीकडे वकील आले.
दोघांच्या फीची बेरीज मी एकदा
वहीच्या मागच्या पानावर केली:
एक अख्खा खांब झाला असता.

दोन वर्षं घोंगडं भिजत राहिलं.
खाली नदीच होती, पाण्याला तोटा नव्हता.

मग पारेहुइया तामातींना साक्षीला बोलावलं.
वय एक्क्याऐंशी, वाम पकडायचे पिंजरे लावण्यात हयात गेलेली.
अध्यक्षांनी आदरानं विचारलं,
तुमच्या लहानपणी नदीचा मध्य नेमका कुठे होता?
त्या म्हणाल्या, कोणत्या महिन्यात?

(शांतता लिहिता येत नाही. मी रेघ ओढली.)

अखेर एप्रिलमध्ये सह्या झाल्या:
एक्कावन्न, सत्तावीस, बावीस.
काम पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे जानेवारीत.
खांब मोजले, तुळया मोजल्या,
फळ्यांचे खिळेसुद्धा कुणाच्या तरी नावावर गेले.
हत्ती गेला आणि शेपूट राहिलं:
प्रवाहाकडचा मोडका कठडा.
मंडळ म्हणालं, तो पादचाऱ्यांसाठी, रस्त्याचा भाग नव्हे.
जिल्हे म्हणाले, पुलाचा नाही तर काय नदीचा?
चार हजार दोनशे डॉलर.
एवढ्यासाठी तीन कार्यालयांतून
चौदा पत्रं निघाली, चौदाही नम्र.

मे महिन्यातल्या एका सकाळी
कठड्याच्या जागी निळी दोरी दिसली,
गवताचे भारे बांधतात तसली,
दोन पदरी, लहान मुलाच्या खांद्याच्या उंचीवर.
कुणी बांधली, कुणाला ठाऊक नव्हतं.
पलीकडच्या बसची चालक लेविना
त्या आठवड्यात हातमोजे घालून बस चालवत होती,
पण थंडीही होती.

परवाच्या बैठकीत विषय क्रमांक नऊ: दोरी.
उद्या काही झालं तर जबाबदार कोण?
काढायची तर काढण्याचा खर्च कुणाचा?
चाळीस मिनिटं. दोनदा कॉफी.
अध्यक्ष माझ्याकडे वळले, म्हणाले, नोंद करा.

मी लिहिलं:
दोरी, निळी, एकवीस मीटर.
मालकी अनिश्चित.
गाठी पक्क्या.

शेवटचे दोन शब्द बैठकीत कुणी उच्चारले नव्हते.
काल इतिवृत्त वाचून दाखवलं.
एकमतानं मंजूर.